उपासाचा खर्रा

यांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खर्रा सोडा, मीठ कमी करा, रोज चाला. घरी येताच यांनी लोणचं वाढून घेतलं आणि वर खर्ऱ्याची पुडी उघडली. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला हा खर्रा आमच्या सिंदेवाहीकडे चहाच्या आधी पाहुण्यापुढे येतो. नको म्हटलं तर माणूस रुसतो. मी भांडले, रडले, पुड्या लपवल्या. देव तरी ऐकतो की नाही, अशी शंका येऊ लागली होती. तरी यांच्या आयुष्यासाठी सोमवारचे निर्जळ उपास धरले आणि महाशिवरात्रीला तसाच उपास करून अनवाणी मार्कंड्याच्या महादेवाला येईन, असा नवस बोलले.

त्या दिवशी हेही सोबत आले. बसमधून उतरून चालू लागलो. ऊन तापलेलं, पोटात पाण्याचा थेंब नाही. वैनगंगेच्या वाळूत माझं डोकं गरगरलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं आणि मी खालीच बसले. दर्शन करून गेलेली एक बाई नेमकी तेव्हाच विसरलेल्या चपला घ्यायला परत आली होती. यात्रेतल्या आरोग्य शिबिराची नर्स. बीपीचं मशीन तिच्या पिशवीतच होतं. तिनं माझा दंड धरला, तर मी हात ओढून घेतला.

"मले काऊन तपासून राह्यल्या? बिमार तं हे आहेत."

"बाई, तुमचाच बीपी लय वाढला आहे. तोंडात काय आहे?"

"खर्रा. त्यानं उपास नाई मोडत."

रोवण्याला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायांना विचारा, त्याही हेच सांगतील. धान रोवताना भूक मारायला खर्रा, उपासालाही खर्रा. यांच्या लपवलेल्या पुड्यांतूनच मी माझी चिमूट घेत होते आणि त्यात काही चुकतंय असं कधी मनातही आलं नव्हतं.

नर्सनं खर्रा थुंकायला लावला आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी तोंड फिरवलं. "महादेवाले काय सांगू?"

"त्याले मी सांगतो. तू पी," हे म्हणाले. "तुले काई झालं तं मी कोनाकडं पाहू?" आणि खिशातली पुडी काढून यांनी नर्सच्या हातात दिली.

मी पाणी प्यायले. मला गाडीतून दवाखान्यात नेलं. दर्शन राहिलं, लांबूनच कळसाला हात जोडले.

खर्रा सुटताना आम्ही दोघांनी एकमेकांचा फार जीव खाल्ला. अजूनही कुणी पुडी पुढे केली की हात शिवशिवतो. पण सकाळी तलावाच्या पाळीवर दोघं चालतो, भाजीत मीठ बेतानं पडतं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आहे. सुरुवातीला हे जेवताना तोंड वाकडं करायचे, आता गप जेवतात. माझी गोळी मी देवपूजेच्या आधी घेते. ती बाई त्या वेळी परत का आली, याचा उलगडा मी करत बसत नाही. उपाशी राहून देवाकडून हवं ते करून घ्यायला मी निघाले होते. त्याचं त्याला कळतं, हे मला वाळूत बसल्यावर उमगलं.

आता सोमवारी मी जेवते. आधी देवाजवळ यांचंच आयुष्य मागायची, माझं मागायचं कधी सुचलंच नाही. आता दोघांचं मागते.