मागचे दोन स्पीकर

आमचे मामा हट्टी आहेत, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, आहेत तेच बरं आहे.

तीस वर्षं त्यांनी थिएटरात आवाजाचं काम केलं. निवृत्त झाले आणि वर्षभरातच मामीची दृष्टी गेली. सिनेमाचं वेड मात्र गेलं नाही. पडद्यावर काय चाललंय हे कोणी शेजारी बसून सांगितलेलं तिला खपत नाही. कोण कुठून आलं, हे तिला आपल्या कानांनी कळायला हवं. म्हणून हॉलमध्ये पाच स्पीकर, त्यातले दोन तिच्या पाठीमागे. पण आवाज मोठा झाला की तिचं डोकं उठतं, आणि कमी केला की मागचे दोघे मुके.

मामेभावाने एक मेकॅनिक आणला. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, कानठळ्या बसतील एवढा आवाज लावला आणि पाचही स्पीकर सारखे करून दिले. "हळू आवाजात मागचं ऐकू येत नसतंच काका. काढून टाका," म्हणाला.

"रविवारी मीच काढतो," मामेभाऊ म्हणाला. "भिंत तरी मोकळी होईल."

माझं टाळकंच सटकलं. मामा एवढंच म्हणाले, "उभं राहून सिनेमा बघतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मामीला तिच्या खुर्चीत बसवलं. आवाज तिला सोसेल तेवढाच. एकेका स्पीकरमधून खरखर सोडायची आणि मामीने त्या बाजूला बोट दाखवायचं. मागचा डावा तिच्या कानाशी, त्याचा आवाज तीनच पॉइंट चढवला. उजवा लांब, त्याला पाच लागले. ती चुकली की मामा पुन्हा उठायचे.

"आंधळी झालेय, बहिरी नाही. नीट लावा," मामी म्हणायची.

रविवारी मामेभाऊ पेचकस घेऊन हजर. सिनेमा चालू होता, बाजाराचा प्रसंग.

"तुमच्या मनाचे खेळ आहेत बाबा, तिला काही कळत नाही," तो मामांच्या कानात पुटपुटला. त्यांच्या हातातला रिमोट घेऊन त्याने मागचे दोन्ही स्पीकर बंद केले. मामांनी अडवलं नाही.

मामीने मान मागे वळवली.

"मागचं दार कोणी लावलं?"

मग ती मामेभाऊ उभा होता त्या बाजूला वळली.

"तूच ना रे? उघड आधी. आणि माझ्या घरातलं दार पुन्हा मला न विचारता लावायचं नाही."

त्याने पेचकस खिशात घातला आणि रिमोटने मागचं दार उघडलं.