अल्बर्टाचा फेरफार

“अबे गधड्या, नोटीस कोनाले देली थे सांग!” बाबा एवढ्या जोरात ओरडले, की इथे आयर्लंडात शॅनन विमानतळावर उतरत आलेलं विमान घाबरून पुन्हा वर गेलं. मी खिडकीतून स्वतः पाहिलंय.

चूक माझीच. कॅथेटरच्या, म्हणजे दवाखान्यातल्या नळ्यांच्या, कारखान्यातली माझी सहकारी रविवारी जेवायला आली होती. ती कॅनडातल्या अल्बर्टाची, तिथल्या मूळच्या क्री लोकांपैकी. तो प्रांत देशातून वेगळा व्हायचं म्हणतोय, हे मी वाचलं होतं. मी पडलो यवतमाळचा, वेगळ्या विदर्भाच्या घोषणा देतच रांगायला शिकलेला. तिला दुसरी भाकर वाढता वाढता मी तिचं अभिनंदन केलं!

तिने घास खाली ठेवला. “आमच्या पणज्यांनी करार केला तो ब्रिटिश राजसत्तेशी. तेव्हा हा प्रांत जन्मलाही नव्हता. आता तो आमची जमीन, आमचं तळं घेऊन निघालाय, आणि आम्हाला कुणी विचारलेलंही नाही.”

तिचे लोक कोर्टात गेले होते आणि साक्षीला तिला बोलावत होते. पण कारखान्याच्या मीटिंगमध्ये ही बाई ‘ग्रँड’च्या, म्हणजे इथल्या ‘छान आहे’च्या, पुढे शब्द काढत नाही. वकिलांपुढे आपली बोबडी वळेल आणि आपल्यापायी तळं जाईल, या धास्तीने तिने तिकीटच काढलं नव्हतं.

हे सगळं मी बाबांना मराठीत सांगितलं, आणि ते कडाडले. बाबा निवृत्त तलाठी. जमिनीवरचं नाव बदलायचं, तर आधी हक्कदाराला नोटीस, मग त्याची हरकत ऐकायची, मगच फेरफार. “विदर्भ असो का अल्बर्टा, ज्याचा हक्क हाय त्याले इचारल्याबिगर रेघ ओढता येत नाही!”

मग सोफ्यावर बाबा साहेब म्हणून बसले, ती समोर हरकतदार, मधे मी दुभाषी.

“कमी बोल, पोरी. तू कोन, तुहा हक्क कायचा, तुले इचारलं का नाही. बस्स! हरकतदार लांबला का साहेब चहा प्यायले जाते.”

तिने एकशे अकरा वेळा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा आवाज उंदराचा; शेवटी शेवटी शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणापाशी सावधानमध्ये उभा. भलेभले वकील पाहिलेत मी, पण पणज्यांचा शब्द इतक्या ताठ मानेने मांडणारं माणूस पाहिलं नव्हतं. आणि बाबा? एक अक्षर इंग्रजी न येता त्यांनी कॅनडाचा खटला दुपारच्या चहाआधी तयार केला.

सोमवारी तिने तिकीट काढलं.

परतली त्या दिवशी मी कारखान्यात डोक्यावरची जाळी सावरत तिच्याकडे धावलो. “काय झालं? वकील पळाले? न्यायाधीश रडले?”

ती हातातली नळी उजेडात धरून तपासत होती.

“मी बोलले. आता न्यायाधीश ठरवतील. शनिवारची शिफ्ट माझीच आहे ना?”