भरलेला माठ

घरात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं आणि तो ‘नको’ म्हणाला तर त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजायचं, ही आमच्या घरची रीत. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी दोन वर्षं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चहा तर नाहीच. सकाळी सातला त्या सोसायटीत शिरायच्या, आमच्यासकट चार घरं करायच्या आणि दोनला बाहेर पडायच्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी तीन खाडे केले आणि तिन्ही वेळा कारण एकच दिलं, ताप. सानपाड्यात आमच्यासमोर नवा टॉवर झाला होता आणि तिथली माणसं आमच्याकडच्या बायका पळवत होती. मी बायकोला म्हणालो, ताप कसला, तिकडचं काम धरलंय. आणखी एक खाडा झाला की दुसरी बाई बघायची, असं आमचं ठरलं.

संशय हा माझा स्वभाव म्हणा किंवा नोकरीने लावलेली खोड. बेलापूरच्या सरकारी कचेरीत मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. अर्जदार जितका गोड बोलायचा, तितकी त्याची फाइल मी खालून वर वाचायचो. निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीने माझा हा गुण बरोबर हेरला. नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि किल्ल्याही आल्या. गच्ची, पंपाची खोली, क्लबहाउसमागचं संडास-बाथरूम, सगळ्या किल्ल्या आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वरच्या पट्टीला टांगलेल्या असत. मावशी ती पट्टी रोज पुसायच्या.

त्याआधी फेब्रुवारीतच सेक्रेटरींनी मला एक कामगिरी दिली होती. जवळच्या चर्चमागच्या खोलीत दर महिन्याला काही लोक जमत. एक सरदारजी, बुद्धविहारात जाणारे निवृत्त पोस्टमन, चर्चमधल्या दोन बाया, आमच्याच सेक्टरातल्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, आणि या सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या एक मुसलमान शिक्षिका. ही मंडळी दर ऋतूला एक पान छापून सोसायट्यांमध्ये वाटत. वर त्या ऋतूत येणारे सगळ्यांचे सण, मध्ये प्रत्येक धर्मातलं थोडं काही आणि खाली चौकटीत त्या ऋतूचं काम. पावसाळ्याच्या पानावर होतं, सफाई कामगारांना गमबूट मिळालेत का ते वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा.

“हे एवढं सरळ नसतं,” सेक्रेटरी म्हणाले. “तुमी जाऊन बसा. मागे कोण आहे बघा जरा.”

मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी वही घेऊन गेलो. धर्मांतर, निवडणूक की रिडेव्हलपमेंट, अशा तीन शक्यता पहिल्याच पानावर लिहून ठेवल्या. मग कोण काय बोललं, कोण कोणाशेजारी बसलं, सगळं टिपत राहिलो. पोहे चांगले होते, त्याचीही नोंद केली. दुसऱ्या बैठकीत शिक्षिकाबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही किती मनापासून लिहून घेता. आमच्यात लिहायला कोणी तयारच नसतं. उन्हाळ्याचं पान तुम्हीच लिहा ना.” मला वाटलं, बाईंनी मला ओळखलं आणि आता जाळ्यात ओढतायत. तरीही हो म्हणालो. कागद आपल्या हातात असलेला बरा.

उन्हाळ्याचं पान पाण्यावर होतं. चैत्र-वैशाखातली पाणपोई, सरदारजींच्या गुरुद्वाराबाहेरची गोड पाण्याची छबील, बुद्धपौर्णिमेचं सरबत, तहानलेल्याला पाणी देण्याबद्दल चर्चमधल्या बायांनी सांगितलेल्या ओळी. चौकटीत काम होतं, गेटवर कामाला येणाऱ्यांसाठी माठ ठेवा. आमच्या गेटवरही माठ आला. शिक्षिकाबाई शेजारच्याच इमारतीत राहायच्या, शाळेत जाताना त्याच तो भरून जायच्या.

आठ दिवस मी बाल्कनीतून पाळत ठेवली. डिलिव्हरीवाले प्यायचे, रिक्षावाले प्यायचे. कामाच्या बायका मात्र माठाला हात लावत नव्हत्या. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या पदराने घाम पुसत माठासमोरून निघून जात. मला हवं होतं ते सापडलं. वहीत लिहिलं, ‘बायका पाणी घेत नाहीत. माठ भरणारी व्यक्ती कोण, हे त्यांना ठाऊक असावे.’ लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पण रिपोर्टला साक्ष लागते. मावशी भांडी घासत होत्या, त्यांनाच विचारलं.

“गेटवरचं पाणी का नाही पीत तुम्ही? बाई मुसलमान आहेत म्हणून?”

त्यांनी नळ बंद केला. “त्या बाईंचं काय हाय त्यात? पानी ते पानी.”

“मग आमच्याकडचं?”

“काका, पानी प्यालं की जावं लागतंय. जायाचं कुटं?”

मला चटकन कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. चार घरांतल्या एकाही घरात त्या बाथरूमला जात नसत. आमच्याकडेही नाही. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि आम्ही कधी सुचवलं नव्हतं. सकाळी निघताना घोटभर प्यायचं, ते पुन्हा घरी पोचल्यावरच.

“उन्हाळ्यात मग जळजळतंय. ताप भरतो. डाक्टर म्हनतो, पानी पी.” त्यांनी पुन्हा नळ सोडला. “पयलं ते खालचं होतं की. तुमी लोकांनी कुलूप लावलं.”

क्लबहाउसमागच्या त्या संडासाला कुलूप लावलं होतं खरं, दोन वर्षांपूर्वी. ड्रायव्हर लोक तिथे अंघोळी करतात असा मला संशय आला होता. ‘दुरुपयोग टाळण्यासाठी’ ही नोटीस माझी, त्यातला शब्द न् शब्द माझा. त्याआधी मावशी आमच्याकडे चहा घ्यायच्या, हे बायकोने सांगितलं तेव्हा मला आठवलं. मला लाज वाटली. तरीही ‘आमचं बाथरूम वापरत जा’ हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही.

मी किल्ली काढून खाली गेलो. आत गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल रचलेले होते, कोपऱ्यात झुरळं होती, पण नळाला पाणी होतं. तासभर मीच झाडलं, धुतलं. वर येतो तोवर सेक्रेटरींचा फोन.

“खालचं कुणी उघडलं? आणि रिपोर्टचं काय झालं? मागे कोण आहे?”

“रिपोर्ट देतो,” मी म्हणालो. “सोबत आपली जुनी नोटीस जोडतो.”

मग छापून उरलेली पानं घेऊन बसलो आणि प्रत्येक चौकटीत पेनाने एक ओळ वाढवली, माठ ठेवण्याआधी संडासाचं कुलूप काढा.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी ग्लास भरून पुढे केला. त्यांनी पट्टीकडे बघितलं. मधला हुक रिकामा होता.

“खाली दाराला लावून ठेवलीय,” मी म्हणालो.

“उद्या पन असंल ना? का परत नोटीस निघंल?”

“असेल.”

मी अर्जदारांकडे बघायचो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ग्लास घेतला आणि अर्धाच प्यायल्या.