विलासनं बंद ठेवलेलं मशीन

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. नवा प्रिंटर बसवायला येतो म्हणाला आणि आलाच नाही... तो गावाहून, काष्टीहून, निघालाच नव्हता. सकाळी छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं. महिना उलटला, तरी तो राग कुठे ठेवावा हे मला कळत नाही.

नगरच्या आमच्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनच्या डोसचा हिशेब करणं माझं काम, आणि त्या हिशेबाचा कॉम्प्युटर सांभाळणं विलासचं. खर्ड्याच्या कौसाबाईंचा शेवटचा डोस डॉक्टरांनी बदलला होता. नवा हिशेब चालू असतानाच पडद्यावर मेमरीत चूक असल्याची ओळ आली आणि मशीन ठप्प झालं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. कंपनीच्या माणसानं फोनवर तोडगा दिला: सेटिंगमधली मेमरीची तपासणी बंद करा, चालेल. डॉक्टर म्हणाले, "कर." विलासनं कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. "सर, मेमरी बिघडल्याचं हार्डवेअरवर नजर ठेवणारा खालचा प्रोग्राम कळवतोय, म्हणून मशीन चालवणारं युनिक्स मुद्दाम थांबतंय. कळवणाऱ्याचं तोंड दाबलं तर मशीन चालंल, पण डोसची खात्री मी देणार न्हाई."

दारात कौसाबाईंचा नवरा उभा होता. "सायेब, मुकादमाचा ट्रक सांजच्याला सुटतूय. हिला भावाकडं सोडून मला ऊसतोडीला जायचंय. आजच करून टाका की." एरवी कुणाला नाही म्हणणं विलासच्या जिवावर यायचं. तो त्या माणसाशेजारी जाऊन बसला. "पाव्हणं, आज करता येतंय. पण चुकलं तर बाई भाजंल, अन् चुकलंय हे मला कळायचं बी न्हाई." नवऱ्यानं दारातल्या बायकोच्या चपला नीट लावून ठेवल्या. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग."

ट्रक गेला, आणि त्याबरोबर त्याचा ऊसतोडीचा हंगामही. मी हाताने केलेला हिशेब तपासून होईपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली आणि मगच डोस दिला. मशीन चालवलं असतं तर आकडा चुकला असता की बरोबर आला असता, हे कधीच कळलं नाही. विलासला तेच खायचं. "त्या माणसाचा हंगाम मी उगाच बुडवला का रे?" असं तो अधूनमधून विचारायचा.

गेल्या रविवारी काष्टीला गेलो. हॉस्पिटलचं काही काम राहिलंय का बघा, म्हणून त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, त्याचा कॉम्प्युटर लावायला सांगितला. सुरू होताना मशीन आपली मेमरी मोजून तपासतं, आकडे पळत राहतात. एक बटण दाबलं की ते टळतं. सगळे टाळतात, मीही टाळतो. माझं बोट बटणाकडे गेलं.

"ते न्हाई दाबायचं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मोजून हुऊ द्यायचं सगळं."

आकडे थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो...