बाथरूमपर्यंतची सोबत

लघवीची बाटली हातात देत मी सारिकाला म्हणाले, "चल, बाथरूम दाखवते." बाथरूम तिला माहीत होतं. तिचा नवरा मागं निघाला.

"आत बाया आहेत. तुम्ही बाकावर बसा."

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात गरोदर बाईशी एकांतात बोलायची तेवढीच जागा. आत कुणीच नव्हतं. मी कडी लावली.

"मारतो का गं?"

ती हळूच म्हणाली, "सिस्टर, मागल्या टायमाला त्येच्यापुढं इचारलं नसतं तर बरं झालं असतं."

मागच्या तपासणीत तिच्या दंडावरचा वळ पाहून मी तिथंच विचारलं होतं. "गोठ्यात घसरली," नवराच बोलला होता. घरी गेल्यावर, "सिस्टरला काय सांगितलंस?" म्हणून त्यानं तिला पुन्हा मारलं होतं. माझी ही चूक मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पोटाला लागलंय का?"

"काल ढकललं. कट्टा लागला. बाळ हाय ना नीट?"

टेबलावर घेऊन ठोके ऐकवले, तेव्हा पोर पहिल्यांदा हसली. "लई पळतंय की!"

"तुला काय हवंय?"

"आईकडं जायचंय. त्यो सोडत न्हाय."

तिला विचारूनच मी डॉक्टर मॅडमना मारहाणीचं सांगितलं.

"पोटाला धक्का बसलाय, ॲडमिट करायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. "नवऱ्याला एवढंच सांगा, बाळावर लक्ष ठेवायचंय."

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत. सारिकाच्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती लोणी भापकरहून भाकरी बांधून आली. लेकीला भरवलं, मलाही बळंच खायला लावलं. सासूही आली होती.

"बाळतपण हितंच व्हईल," जावई अडून बसला.

सारिकाची आई म्हणाली, "पावणं, पयलं बाळतपण माहेरात. तुमी कुठं जल्मला? इचारा आईला."

सासू मान खाली घालून म्हणाली, "मामाच्या घरी. जाऊ दे रं तिला."

रीतीपुढं त्याचं काही चाललं नाही. सारिका आईबरोबर गेली, बारामतीत बाळंत झाली. मुलगी. अजून माहेरीच आहे.

तक्रार मात्र केलेली नाही. अशा बायकांसाठी सरकारी संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याशी मी तिची गाठ घालून दिली. "बघू," सारिका म्हणाली. मी रेटत नाही. मागच्या वेळी घाई माझी होती, मार तिला बसला.