वैरागडे मॅडमची हरकत नव्हती

वैरागडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गवत खात होत्या.

कॉलेजच्या फाटकाशी उभ्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, पायात स्पोर्ट्स शूज, काखेत हेल्मेट. कुंपणाच्या कडेला वाकून काहीतरी खुडायच्या आणि तोंडात टाकायच्या. मी थबकून बघत राहिले, तशी त्यांनी दोन पानं माझ्यापुढे धरली. "आंबुटी आहे. खा. मरत नाही." नव्या कॉलेजातला पहिला दिवस, नाही कसं म्हणायचं? मी खाल्ली. आंबट होती. थोड्या वेळाने त्याच बाई आमच्या वर्गात आल्या आणि फळ्यावर त्या पानाचं शास्त्रीय नाव लिहून म्हणाल्या, "जिसने सुबह खाया है, वो ज़िंदा है. चलिए, शुरू करते हैं."

मिसरोदच्या पुढे, होशंगाबाद रोडवर आमचं कॉलेज. नाव सांगून उपयोग नाही, भोपाळमध्येही फारसं कुणाला ठाऊक नाही. बॉटनी ऑनर्सच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो आणि नऊच्या नऊ जण नाइलाजाने आलेले. सगळ्यांचा डोळा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवर. मी ती दोनदा देऊन दोनदा आपटले होते आणि बाबांच्या मते तिसऱ्यांदा नक्की उडी मारणार होते. तोवर 'रिकामं बसण्यापेक्षा' बी.एस्सी. मॅडमना हे पक्कं माहीत होतं. मागच्या बाकावर मी मांडीवर सराव परीक्षेचा पेपर सोडवताना दिसले की त्या शिकवता शिकवता जवळ यायच्या, चुकलेल्या उत्तरावर बोट ठेवायच्या आणि पुढे जायच्या. रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "हा वर्ग म्हणजे वेटिंग रूम. ज्याची गाडी आली त्याने जावं. पण बसला आहेस तोवर खिडकीतून बाहेर तर पाहशील?"

आम्ही दोघीच मराठी, म्हणून वर्गाबाहेर त्या माझ्याशी मराठी बोलत. त्यांचे आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीत होते. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर तेही इकडे आले. मॅडम तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या. त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धं नागपूर आणि अर्धं भोपाळ. आमचं घर बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये, बाबा कारखान्यात इंजिनियर आणि आई पुण्याची. मॅडमचा एकदा घरी फोन आला, "मी येऊन राहिली" म्हणाल्या. आईने फोन ठेवला आणि घाबऱ्याघुबऱ्या मला विचारलं, "अगं, किती दिवस राहणार आहेत?"

पहिल्याच सत्रात त्यांनी आम्हाला एक काम दिलं. प्रत्येकाने आवारात एक मीटर लांब-रुंद जागा सुतळीने आखायची आणि वर्षभर तिथे काय उगवतं, काय मरतं ते बघायचं. मी कँटीनच्या मागची जागा घेतली. कारण अगदी साधं होतं. तिथे सावली होती आणि सराव पेपर निवांत सोडवता यायचा. पण माणूस एकाच जागी रोज बसला की कधीतरी खाली बघतोच. भांडी धुतलेलं पाणी वाहायचं तिथे माका उगवत होता, चहाचा चोथा पडायचा तिथे केना, आणि यातलं काहीच पोहोचत नव्हतं त्या कोपऱ्यात दगडी पाला. मी मॅडमना विचारलं, असं का? त्या अतिशय आनंदाने म्हणाल्या, "मला नाही माहीत!" कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुढे हिवाळ्यात कँटीनवाल्याने भांडी धुण्याची जागा बदलली, आणि काही आठवड्यांत जुन्या जागचा माका वाळून नव्या जागी फुटला. मी धावत स्टाफरूममध्ये गेले. मॅडम समोसा खात होत्या. तो हातात घेऊनच त्या निघाल्या, चिखलात उकिडव्या बसल्या. मग समोसा अर्धा मोडून मला देत म्हणाल्या, "बापा, तू तर चुकून बरोबर जागी आली!"

त्यानंतर सराव पेपर मागे पडले. मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, हे मला त्या चिखलात कळलं.

दक्षिणेतल्या एका विद्यापीठाची माहिती मला इंटरनेटवर सापडली. वनस्पतींवर तिथे खरंखुरं संशोधन चालतं, दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, पण जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. अर्जाला निबंध, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि आपल्या कॉलेजचा ना-हरकत दाखला हवा. शिफारस मागायची कुणाकडे? जिला सोडून जायचं तिच्याकडेच! कितीतरी दिवस मी स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. शेवटी मॅडमनीच हाक मारली. "काय आहे? रोज येऊन दाराला नमस्कार करून राहिली." मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, परत काढला.

"नऊ जणं नाइलाजाने आले," त्या म्हणाल्या. "त्यातली एक मनापासून राहायला लागली, तर तीच चालली." मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "बस. शेवटची तारीख कोणती आहे?"

निबंधात मी कॉलेजची यथासांग धुलाई केली होती. सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी, ग्रंथालयाला कुलूप, प्रयोगशाळेत नळ आहे पण पाणी नाही. मॅडमनी तो पूर्ण वाचला, मध्ये दोन ठिकाणी हसल्याही. "एकदम खरं आहे. पण यात तू कुठे आहेस? हे वाचून ते म्हणतील, बिचाऱ्या मायक्रोस्कोपचे फार हाल होऊन राहिले, त्यालाच बोलावून घेऊ." मी हिरमुसले. "पाहा, कुठून पळायचं ते गाढवालाही कळतं. कुठे जायचं आणि कशाला, ते लिही. कँटीनमागचं लिही." मी म्हटलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या विद्यापीठाला भांड्यांच्या पाण्याबद्दल लिहू?" त्या म्हणाल्या, "काहून? मोठ्या विद्यापीठात भांडी घासत नाहीत?"

शिफारसपत्र ऑनलाइन भरायचं होतं. मॅडमचं आणि संगणकाचं कधी जमलं नाही. त्या त्याच्याशी ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने बोलत. पत्र गोपनीय होतं म्हणून मी व्हरांड्यात थांबले, पण गोपनीय काही राहिलं नाही. आतून आवाज आला, "विद्यार्थिनी वर्गातल्या वरच्या एक टक्क्यात आहे, पाच टक्क्यांत आहे की दहा? अगं, नऊ जणांच्या वर्गात दहा टक्के म्हणजे पूर्ण एक माणूसही होत नाही! काय करू, तुझे पाय कापून पाठवू?" मी बाहेरून ओरडले, "मॅडम, एक टक्का करा!" "एक टक्का म्हणजे तुझं एक बोट फक्त!" शेवटी त्यांनी काय निवडलं ते मला आजतागायत माहीत नाही.

घरी मात्र गाडी अडली. बाबांना हा सगळा वेडेपणा वाटत होता. मॅडम स्वतः स्कूटरवरून बरखेड्याला आल्या. आईने पोहे केले. मॅडमनी भाबडेपणाने विचारलं, "यावर तर्री नाही?" नागपूरकडे पोह्यांवर झणझणीत रस्सा ओततात, हे समजल्यावर आई आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. बाबांनी मुद्द्याला हात घातला. "मॅडम, स्पष्ट विचारतो. बॉटनी करून पुढे काय?"

मॅडमनी बशी खाली ठेवली. "पुढे मी," त्या म्हणाल्या.

बाबांना कळेना.

"भाऊसाहेब, फार चांगलं झालं तर ती काय होईल ते मला सांगता येत नाही. तेवढी माझी झेप नाही. पण सगळ्यात वाईट झालं तर माझ्यासारखी होईल. खटारा स्कूटर, पगार उशिरा, आणि रोज सकाळी उठून कॉलेजला जायची घाई. सुटीच्या दिवशी मला करमत नाही हो. तुम्ही मला नीट पाहून घ्या. एवढं चालत असलं तर पाठवा."

बाबांनी खरोखरच त्यांच्याकडे नीट पाहिलं. स्पोर्ट्स शूजपासून चष्म्यापर्यंत. मग आत वळून म्हणाले, "अगं, मॅडमना आणखी पोहे दे."

राहिला ना-हरकत दाखला. प्राचार्य सही करेनात. विद्यार्थी असे मधूनच जायला लागले तर कॉलेजचं नाव काय राहील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय, "मैडम, आपके यहाँ वैसे ही नौ हैं." मॅडमनी आवाज चढवला नाही. "सर, पिछले साल दो लड़कियाँ शादी करके बीच में चली गईं. तब आपने लिफ़ाफ़ा भेजा था और खाना भी खाकर आए थे. ये पढ़ने जा रही है तो हरकत है?" प्राचार्य मग पेन शोधायला लागले. मॅडमनी स्वतःचं पुढे केलं.

मुलाखतही ऑनलाइन झाली, कॉलेजच्याच एका रिकाम्या खोलीत. मॅडम दाराबाहेर पहारा देत होत्या. पलीकडच्या प्राध्यापकांनी विचारलं की माका पाण्यामुळे उगवला की साबणामुळे, हे तू कसं ठरवशील? मी म्हटलं, "आत्ता मला माहीत नाही." आणि हे बोलताना मला हसू आलं, लाज नाही वाटली. मग कसं शोधता येईल ते सुचेल तसं सांगत गेले.

माझी निवड झाली. पहिल्या वर्षाचे दोन विषय पुन्हा करावे लागणार होते, पण झाली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निघायच्या दिवशी मला फोन करू नको. मी रडते. रडले की मला सर्दी होते, आणि सर्दी झाली की आठवडाभर वास येत नाही. बॉटनीवाल्याला ते परवडत नाही."

इथे आले आणि पहिले काही महिने धापा टाकण्यातच गेले. वर्गातल्या मुलांना मला न येणारं बरंच काही येत होतं. दिवाळीच्या सुमारास जुन्या वर्गातल्या फरहानाचा फोन आला. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "अरे, तुझे पता नहीं? ऑनर्स तो बंद हो गया." माझ्यानंतर दोघांना मेडिकलला प्रवेश मिळाला, नव्या वर्षाला कुणीच आलं नाही, आणि उरलेल्यांना साध्या बी.एस्सी.त घालून कॉलेजने बॉटनीचा स्वतंत्र वर्ग मोडून टाकला. मॅडमना आता बी.कॉम.च्या मुलांना पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवायला दिला होता.

मी तडक मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. "मॅडम, मी गेले नसते तर…" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले.

"तर काय?" त्या म्हणाल्या. "तुझ्या एकटीच्या जिवावर डिपार्टमेंट चालून राहिलं होतं? एवढी मोठी कधीपासून झाली तू? तीस वर्षं मी काय तिथे माश्या मारून राहिली होती?"

मी नाक पुसलं.

"आता रडू नको. ते दोन विषय निघाले का? नाही ना? मग त्याचं पाहा." पलीकडून घंटेचा आवाज आणि खूप मोठा गलका ऐकू आला. मॅडमना आता ओरडूनच बोलावं लागत होतं. "ठेव फोन, माझा तास आहे. शंभरावर पोरं बसली आहेत तिकडे, आणि एकालाही झाडाशी काही घेणंदेणं नाही. अगं, इतकी मज्जा येऊन राहिली!"