‘अलाऊ’ दाबायला कुणी शिकवलं?

“आवं वन्सं, वर्ड परत बंद पडलं बगा,” वहिनी फोनवर म्हणाली. “अर्धं पान टाइप झालं हुतं. सगळं गेलं.”

सकाळपासून हेच चाललं होतं.

सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फौजेत. वहिनी वडूजला घरीच वकिलांचं टायपिंग करते. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला शोभेल अशी नोकरी मिळाली, असं घरचे म्हणतात.

तेव्हा आमचं नवं अँटी-एक्सप्लॉइट बीटात होतं. बीटा म्हणजे बाजारात आणण्याआधी लोकांच्या घरी वापरून बघायचं. अँटिव्हायरसकडे ओळखीच्या चोरांचे फोटो असतात. अँटी-एक्सप्लॉइट चेहरा बघत नाही, वागणं बघतं. वर्ड किंवा ब्राउझरमधल्या एखाद्या फटीतून कुणी आत हात घालतोय असं वाटलं, की ते तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद करतं. कंपनीला टेस्टिंगसाठी घरगुती माणसं हवी होती, म्हणून मी वहिनीचं नाव सुचवलं.

रिमोटने तिचा कॉम्प्युटर बघितला आणि कारण लगेच कळलं. वहिनी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करते. त्यासाठी एक टायपिंगचं सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि वर्डच्या मध्ये बसतं. बोटांनी दाबलेली इंग्रजी की ते वाटेत पकडतं आणि तिच्या जागी मराठी अक्षर वर्डमध्ये घालतं. हे काम प्रामाणिकच आहे, पण हात आत घालायची पद्धत चोरासारखी. आमच्या सॉफ्टवेअरला तो चोरच वाटला.

मी बग टाकला, म्हणजे ही चूक कंपनीच्या यादीत नोंदवली. आमचे प्रॉडक्ट हेड, परागसर, कॉलवर म्हणाले, “हा एज केस आहे.”

एज केस म्हणजे लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारी भानगड. माझं डोकंच फिरलं.

“सर, तालुक्याच्या गावात कुठल्याही कोर्टाबाहेर जाऊन बघा. सगळे असंच टाइप करतात.”

“युनिकोड आहे की आता.”

“आहे. पण यांच्या सगळ्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत.”

“ठीक आहे, रिलीजनंतर बघू. तोपर्यंत वर्कअराउंड दे.”

वर्कअराउंड म्हणजे दुरुस्ती न करता काढलेली पळवाट. ती अशी, की वर्ड बंद करण्याआधी एक खिडकी येईल आणि विचारेल: संशयास्पद हालचाल दिसते, ब्लॉक करू की अलाऊ? युजरने अलाऊ दाबायचं. मी लेखी कळवलं की हे धोक्याचं आहे, माणसाला सवय लागेल. त्याला उत्तर आलं नाही. परस्पर सपोर्टमधून वहिनीला फोन गेला. “मॅडम, घाबरू नका. खिडकी आली की अलाऊ दाबा.”

वहिनी सांगितलेलं ऐकणारी. ती दाबू लागली. दिवसभर खिडकी यायची आणि दिवसभर ती अलाऊ दाबायची.

मग एके दुपारी तिला ई-मेलवर कोर्टाच्या नोटिशीची म्हणून एक वर्ड फाइल आली. तिने उघडली. खिडकी आली, तिने अलाऊ दाबलं. थोड्या वेळाने तिची एकही फाइल उघडेना. सगळ्या फाइलींना कुलूप, आणि पडद्यावर पैसे मागणारा इंग्रजी मजकूर.

“वन्सं, माज्याच हातानं झालं,” ती म्हणाली. “वकीलसायेब म्हनत्यात, बाई, तुमच्या भरवशावर कागद दिलं हुतं. आता दुसरीकडं बगतो.”

तिला ज्यांचं काम सगळ्यात जास्त, तेच हे वकील. लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःच्या नावावर कमावलेली गोष्ट ती हीच: सुनंदाबाईंकडे कागद दिला की काळजी नाही.

आणि आमच्या रिपोर्टात दुसऱ्या दिवशी काय लिहिलेलं? ‘कारण: युजर एरर. अनोळखी फाइल उघडली, धोक्याची सूचना असूनही अलाऊ केलं.’

वाचून माझा संताप संताप झाला. अनोळखी फाइल उघडू नये म्हणे! अहो, अनोळखी माणसांच्या फाइली उघडणं हाच तिचा धंदा. आणि अलाऊ कुणी दाबायला सांगितलं?

मीटिंगमध्ये मी दोन खिडक्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. “सर, एकीत टायपिंग सॉफ्टवेअर आहे आणि एकीत खरा हल्ला. चोर कुठला, सांगा.”

परागसरांनी बराच वेळ बघितलं. दोन्हीकडे शब्द तेच, रंग तोच, बटणं तीच.

“उजवीकडचा असावा,” ते म्हणाले.

“उजवीकडे वहिनीचं टायपिंग आहे.”

सर म्हणाले, “टोन सांभाळून बोल.” टोन! बाईची सगळी कामं बुडाली आणि यांना माझा टोन टोचत होता. मी म्हणाले, “टोनचा वेगळा बग टाका. आधी हा रिपोर्ट दुरुस्त करा. नाहीतर रिलीजवर टेस्टिंगची सही माझी नसेल.”

रिलीज लांबलं. जुनं टायपिंग सॉफ्टवेअर ओळखायची सोय झाली आणि खिडकी बदलली. रिपोर्टात ‘युजर एरर’ खोडून ‘आमची चुकीची सूचना’ असं आलं. आमच्या धंद्यात याला जिंकणं म्हणतात.

रविवारी विट्यावरून एसटीने वडूजला गेले. वहिनी वकिलांकडच्या प्रिंटवरून परत टाइप करत बसली होती. मी वाचून दाखवू लागले. मध्येच तिला रिपोर्टचं सांगितलं.

“माजी चूक न्हवती आसं लिवलंय?”

“लिहिलंय.”

“मग तेवढं वकीलसायबास्नी दावा की.”

मला दाखवता येईना. रिपोर्ट कंपनीच्या आतला. बाहेर दाखवला तर नोकरी जाईल, असं सही करून दिलेलं आहे. परागसरांना म्हटलं होतं, वहिनीला माफीचं दोन ओळींचं पत्र तरी द्या. ते म्हणाले, कंपनीचे लीगलवाले परवानगी देणार नाहीत. म्हणजे खरं काय ते पुण्यात फाइलबंद, आणि वडूजमध्ये अजूनही बटण दाबणारी बाईच दोषी. मी स्वतः वकिलांना भेटून तोंडी सांगितलं. ते हसून म्हणाले, “तुमी घरच्याच. तुमी तर वहिनीचीच बाजू घेनार.”

म्हणून कंपनीचं नाव न घेता इथे लिहिते आहे. वकीलसाहेब, बटण वहिनीनेच दाबलं. रोज दाबायला आम्ही शिकवलं होतं.